गुण, दोष आणि गुणांक : व्हिडिओ गेमच्या परीक्षणाचा एक इतिहास

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. कृतीच्या अंगी असलेले वैशिष्ट्य तो गुण, आणि परीक्षक उत्तरपत्रिकेवर मांडतो तेही गुणच. पहिल्या अर्थाच्या गुणाला दोष हा प्रतिपक्ष आहे. या दोषाचे वर्णन करता येते, त्याची कारणमीमांसा करता येते, त्याविषयी वाद घालता येतो. दुसऱ्या अर्थाच्या गुणाला असा प्रतिपक्ष नाही. तेथे दोष म्हणजे निव्वळ वजाबाकी. शंभरांतून बावीस वजा झाले. ते कशासाठी झाले, हे अंक सांगत नाही. व्हिडिओ गेमच्या परीक्षणाचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा श्लेष केवळ शाब्दिक राहत नाही. समीक्षेची एक संपूर्ण शाखाच पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे सरकली आणि तेथून परतण्याची धडपड करीत राहिली, असे दिसून येते. हा इतिहास येथे एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे : कृती मोठी आहे आणि सदोषही आहे, अशा वेळी या समीक्षकांनी दोषाचे काय केले?

हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येतो काय, अशी शंका कोणी घेईल. प्रश्न मात्र तिच्या परिचयाचा आहे. मम्मटाने काव्यलक्षणातच अदोषत्वाची अट घातली आणि विश्वनाथाने तिला हरकत घेतली. कीटकाने पोखरलेले रत्न रत्नच राहते, त्याप्रमाणे रसाची प्रतीती स्पष्ट असेल तर सदोष रचनाही काव्यच होय, असे त्याचे म्हणणे. त्याही आधी आनंदवर्धनाने दोन महत्त्वाचे भेद करून ठेवले होते. अव्युत्पत्तीतून आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो, अशक्तीतून आलेला दोष तत्काळ उघडा पडतो, हा एक भेद. काही दोष अनित्य असतात, म्हणजे शृंगारात जे श्रुतिकटू ते रौद्रात उचित ठरते, हा दुसरा. ही परिभाषा पुढील विवेचनात उपयोगी पडेल. व्हिडिओ गेमच्या समीक्षकांना तिची माहिती असण्याचे कारण नव्हते. परंतु जेव्हा जेव्हा त्यांचे लेखन समीक्षेच्या पदवीला पोहोचले, तेव्हा तेव्हा ते नकळत याच भेदांपाशी आले.

आरंभ १९७९चा. अमेरिकेतील 'व्हिडिओ' या मासिकात बिल कुंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी 'आर्केड अ‍ॅली' हे सदर सुरू केले. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या गेमचे नियमित परीक्षण करणारे हे पहिले सदर मानले जाते. १९८१च्या अखेरीस या दोघांनी जॉइस वर्ली यांच्यासह 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे स्वतंत्र नियतकालिक काढले. ही मंडळी विज्ञानकथाप्रेमींच्या हस्तलिखितवजा अंकांच्या जगातून आलेली होती. आवडत्या प्रकारातील कृतीवर प्रेम करीत तिच्यावरच तोंडसुख घ्यावयाचे, ही त्या जगाची रीत त्यांनी सोबत आणली.

या काळातील दोषचर्चा बहुतेक यंत्राभोवती फिरते. १९८२मध्ये अटारीच्या घरगुती यंत्रासाठी आलेल्या 'पॅक-मॅन'चे उदाहरण बोलके आहे. नाणे टाकून खेळावयाच्या मूळ यंत्रावरील चार भुते येथे सतत लुकलुकत होती. घरगुती यंत्राची चित्रे रेखाटण्याची क्षमता अल्प असल्याने प्रत्येक चौकटीत एकेकच भूत पाळीपाळीने दाखविले जात होते. दोष यंत्राचा की रचनाकाराचा? पुढच्याच वर्षी त्याच यंत्रासाठी 'मिस पॅक-मॅन' आला आणि त्यात भुतांचे लुकलुकणे पुष्कळच कमी होते. सामग्री तीच, मर्यादा त्याच. अर्थात पहिल्या रचनेतील दोषाचे सगळे खापर यंत्रावर फोडण्याची सोय उरली नाही. दुसरी कृती पहिलीच्या दोषाची जात ठरवते, हा तौलनिक समीक्षेचा धडा येथे अगदी प्राथमिक स्वरूपात गिरविला गेला. १९८३मध्ये अमेरिकेतील हा व्यवसायच कोसळला आणि त्यापाठोपाठ १९८५मध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेम्स'ही बंद पडले.

इंग्लंडमध्ये मात्र याच सुमारास गृहसंगणकांचा काळ ऐन भरात होता. फेब्रुवारी १९८४मध्ये लडलो या लहानशा गावातून 'क्रॅश' हे मासिक निघाले. एकाच गेमवर तिघा परीक्षकांची मते शेजारी शेजारी छापण्याची त्याची पद्धत होती, आणि हे परीक्षक पुष्कळदा गावातील शाळकरी मुले असत. तिघांचे मत जुळले नाही तर तसेच छापले जाई. मला ही पद्धत तिच्या काळाच्या मानाने कमालीची प्रगल्भ वाटते. परंतु त्याच पानाच्या तळाशी टक्केवारीचा तक्ता असे : संगणकाचा उपयोग, चित्रे, खेळण्याजोगेपणा, व्यसन लावण्याची शक्ती, पैशाचा मोबदला आणि शेवटी एकूण. तक्त्यातील या रकान्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पैशाचा मोबदला हा गुण कृतीचा नव्हे, व्यवहाराचा आहे. व्यसन लावण्याची शक्ती हा तर गुण की दोष, याचाच निर्णय व्हावयाचा आहे. तक्त्याने तो विचारण्यापूर्वीच देऊन टाकला. कॅसेटवर मिळणारा गेम विकत घेणाऱ्या मुलाच्या खाऊच्या पैशांचा हिशेब येथे सौंदर्यमूल्याच्या रांगेत येऊन बसला, आणि तो तेथून पुढे कधीच पूर्णपणे उठला नाही.

जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या 'फॅमित्सू'ने चार परीक्षक, प्रत्येकी दहा गुण, अशी चाळीस गुणांची पद्धत रूढ केली. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळावयास १९९८ साल उजाडावे लागले ('द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम'). याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

गुणांकाशिवाय काय होते, याचा पुरावा 'कंप्युटर गेमिंग वर्ल्ड' या अमेरिकन मासिकात सापडतो. रसेल साइप यांनी १९८१मध्ये काढलेल्या या मासिकाने १९९४पर्यंत परीक्षणांना गुणांक दिलेच नाहीत. तेथे 'स्कॉर्पिया' या टोपणनावाने लिहिणाऱ्या समीक्षिकेचा दरारा मोठा होता. साहसकथा आणि भूमिकानिष्ठ गेम हे तिचे क्षेत्र. गेम शेवटपर्यंत खेळल्यावाचून ती लिहीत नसे अशी तिची ख्याती होती, आणि तिच्या लेखांत कोडे कोठे अन्यायाचे आहे, कथेचा सांधा कोठे निखळला आहे, हे नेमके दाखविलेले असे. अंकाची कुबडी नसल्यामुळे प्रत्येक आक्षेपाला वाक्याचीच गरज पडे. 'माइट अँड मॅजिक'च्या दुसऱ्या भागावर तिने कठोर लिहिले, तेव्हा १९९१मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात रचनाकारांनी तिच्या नावाचा एक राक्षसच घालून ठेवला. समीक्षकावरचा राग कृतीतच काढण्याचे प्रकार आपल्या वाङ्मयीन जगातही अपरिचित नाहीत. येथे फरक इतकाच, की वाचकाला त्या समीक्षिकेस प्रत्यक्ष ठार मारण्याची सोय करून दिली होती.

१९९३मध्ये इंग्लंडमधून निघालेल्या 'एज'ने परीक्षणांखाली लेखकाचे नाव छापावयाचे नाही, असे ठरविले. त्याच्या १९९४मधील एका परीक्षणाची कथा या इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवावी, असे मला वाटते. गेम होता 'डूम'. त्याची त्रिमिती दृश्ययोजना आणि गती यांनी सर्वत्र खळबळ उडविली होती. 'एज'च्या अनामिक परीक्षकानेही त्यांची प्रशंसा केली. पण गुण दिले दहापैकी सातच. तक्रार अशी, की येथे समोर येणाऱ्या प्राण्यांना गोळ्या घालण्यापलीकडे काहीच करता येत नाही. त्यांच्याशी बोलता आले असते, सख्य करता आले असते, एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करता आले असते, तर काही गोष्ट झाली असती. हे परीक्षण पुढे कित्येक वर्षे थट्टेचा विषय झाले. गोळीबाराच्या गेममध्ये संभाषण मागणे म्हणजे लावणीत अभंग शोधणे, असा त्या थट्टेचा रोख होता.

थट्टा करणाऱ्यांची बाजू शास्त्राला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रकाराच्या औचित्यातच दोष ठरतो, आणि 'डूम'च्या प्रकारात संभाषणाचा अभाव हा दोषच नव्हे. परंतु परीक्षकाचा आक्षेप वस्तुतः 'डूम'वर नव्हता. तंत्राने एवढी मजल मारल्यावर त्या तंत्राने उभ्या केलेल्या जगात माणसाला करण्याजोगी कृती एकच का उरावी, हा त्याचा प्रश्न होता. तो वाङ्मयप्रकाराच्या सीमेविषयीचा प्रश्न आहे, आणि असा प्रश्न सदोषतेच्या मिषानेच विचारता येतो. २०१५मध्ये टोबी फॉक्स या एकाकी रचनाकाराचा 'अंडरटेल' आला. त्यात प्रत्येक राक्षसाशी बोलता येते, त्याला जीवदान देता येते, आणि एकालाही न मारता गेम शेवटास नेता येतो. त्या परीक्षणाचा या रचनेवर प्रभाव पडला, असे मला म्हणावयाचे नाही. एकवीस वर्षांपूर्वी दोष म्हणून ज्याची नोंद झाली ती जागा रिकामी होती, आणि ती भरता येण्याजोगी होती, एवढेच यावरून सिद्ध होते. दहापैकी सात या अंकातून यांतील काहीही कळले नसते.

अनित्य दोषाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण १९९६मधील 'रेसिडेंट इव्हिल'. कॅप्कॉमच्या या गेममध्ये पात्र रणगाड्याप्रमाणे आधी जागच्या जागी वळते आणि मग चालू लागते. कॅमेरा कोपऱ्याकोपऱ्यांत खिळलेला असतो, त्यामुळे दाराआड काय आहे ते दिसत नाही. खेळाची स्थिती जतन करावयाची तर टंकलेखन यंत्राची फीत सापडावी लागते, आणि फिती मोजक्याच. कोणत्याही धावपळीच्या गेममध्ये यांतील प्रत्येक गोष्ट दोष ठरली असती. भयानकात मात्र हीच अडखळण रसपोषक होते. ज्याला पळता येत नाही त्यालाच भय वाटते. परीक्षकांनी नियंत्रणाच्या अवघडपणाबद्दल नाके मुरडली आणि त्याच लेखात अंगावर काटा आल्याचेही लिहिले. दोन्ही विधानांचा विषय एकच आहे, हे म्हणणारे थोडे. २००५च्या चौथ्या भागात कॅमेरा खांद्यामागे आला, नियंत्रण सुकर झाले, गेम सर्वतोमुखी वाखाणला गेला, आणि जुन्या रसिकांनी तेव्हा हळहळ केली की भय ओसरले. (इंग्रजी संवादांचे हास्यास्पद उच्चारण हा मात्र पहिल्या भागाचा नित्यदोष. तो कोणत्याही रसात खपणार नाही.)

येथपर्यंत अंक आणि वाक्य एकमेकांशेजारी नांदत होते. १९९६नंतर संगणकजालावरील परीक्षणस्थळे आली आणि तोल गेला. 'गेमस्पॉट'ने खेळ, चित्रे, ध्वनी, मोबदला आणि परीक्षकाचा 'कल' अशा घटकांना वेगवेगळे गुण देऊन भारित सरासरी काढण्याची रीत २००७पर्यंत चालविली. समीक्षकाचा एकूण प्रतिसाद हा पाच घटकांपैकी एक घटक झाला. चित्र आणि ध्वनी यांच्या रांगेत आस्वादकही एक रकाना होऊन बसला. २००१मध्ये 'मेटाक्रिटिक'ने या सरासऱ्यांचीही सरासरी काढावयास आरंभ केला. तेथे चित्रपटाला एकसष्ट गुण मिळाले तरी 'अनुकूल' असा हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र त्यासाठी पंचाहत्तर लागतात. एकाच स्थळावरील ही दोन मापे पाहिली, की गेमच्या परीक्षणांत अंक किती फुगले होते याचा वेगळा पुरावा नको.

अंकाची सत्ता कोठवर पोहोचली, हे 'फॉलआउट : न्यू व्हेगस'च्या प्रकरणात दिसते. २०१०चा हा गेम परस्परविरोधी राजकीय गटांच्या चित्रणासाठी आणि संवादलेखनासाठी नावाजला गेला, आणि तांत्रिक बिघाडांसाठी तितकाच बदनाम झाला. त्याची सरासरी चौऱ्याऐंशी भरली. ऑब्सिडियन या रचनासंस्थेचा अधिलाभांश पंचाऐंशीवर अवलंबून होता, तो मिळाला नाही, असे संस्थेच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२मध्ये जाहीरपणे सांगितले. गुणदोषविवेचन करणाऱ्या शेकडो वाक्यांपैकी एकही वाक्य करारनाम्याने विचारात घेतले नव्हते. जाहिरातदारांचा दाब हाही याच काळाचा विषय. २००७मध्ये 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा देणाऱ्या 'गेमस्पॉट'च्या समीक्षकाला कामावरून काढण्यात आले, आणि त्यामागे अशा दाबाचा संबंध असल्याचे त्याने पाच वर्षांनी उघड केले.

अशा वातावरणात बिघाडांची नोंद हा परीक्षणातील एक ठराविक परिच्छेद होऊन बसला. आपल्या नियतकालिकांतील ग्रंथपरीक्षणांत शेवटी मुद्रणदोषांची यादी देऊन प्रकाशकाचे अभिनंदन करण्याची जी प्रथा आहे, तिचा हा सख्खा भाऊ. दोषाचा उल्लेख केल्याचे पुण्य पदरी पडते आणि विवेचनाला धक्का लागत नाही.

२००६मध्ये चक क्लोस्टरमन यांनी 'एस्क्वायर'मध्ये, रॉक संगीताला जसा समीक्षक लाभला तसा या माध्यमाला का लाभला नाही, असा प्रश्न केला. त्याच वर्षी 'कंप्युटर गेमिंग वर्ल्ड'ने बारा वर्षे दिलेले गुणांक बंद केले. दरम्यान विद्यापीठीय अभ्यास वेगळ्याच वादात गुंतला होता. जॅनेट मरे यांनी १९९७मध्ये 'टेट्रिस'मध्ये कामाच्या ओझ्याने पिचलेल्या अमेरिकन जीवनाचे रूपक पाहिले. २००१मध्ये 'गेम स्टडीज' या नव्या शोधपत्रिकेत मार्क्कू एस्केलिनेन यांनी, हा खेळावर कथन लादण्याचा प्रकार होय, असा हल्ला चढविला. खेळ म्हणजे संहिता की नियमव्यवस्था, या वादात कोणता खेळ चांगला आणि कोणता फसलेला, हा प्रश्न कोणीच विचारीत नव्हते. मूल्यमापनाची जबाबदारी पंडितांनी परीक्षकांवर सोपविली होती, आणि परीक्षकांनी ती सरासरीवर.

या दोन्ही बाजूंना जोडणारा लेख ऑक्टोबर २००७मध्ये आला, आणि तो ना पंडिताचा होता ना परीक्षकाचा. क्लिंट हॉकिंग हे स्वतः गेमचे रचनाकार. विषय होता 'बायोशॉक'. समुद्रतळाशी वसविलेल्या, निरंकुश स्वार्थाच्या तत्त्वज्ञानावर उभ्या राहून उद्ध्वस्त झालेल्या नगरीचा हा गेम दोनच महिन्यांपूर्वी आला होता आणि त्याच्यावर जवळजवळ पैकीच्या पैकी गुणांचा वर्षाव झाला होता. हॉकिंग यांनी त्याचे मोठेपण मान्य करूनच आरंभ केला. त्यांचा आक्षेप असा : खेळाच्या नियमांतून 'बायोशॉक' आपल्याशी एक करार करतो. लहान मुलींच्या शरीरातील द्रव्य काढून घेऊन बळ वाढवावे की त्यांना वाचवावे, हे तुम्ही स्वार्थ पाहून ठरवा, असे तो म्हणतो. कथानकातून तो दुसराच करार करतो. तेथे अ‍ॅटलस नामक परक्या माणसाला मदत करावीच लागते. त्यातून सुटका नाही, आणि ती का नाही याचे कथानकाने पुढे दिलेले स्पष्टीकरण खेळणाऱ्याची खिल्ली उडविल्यासारखे वाटते. खेळात निवडीचे स्वातंत्र्य, कथेत निवडीचा अभाव. स्वार्थाची मीमांसा करणारी कृती याच सांध्यावर दुभंगते. या दुभंगाला त्यांनी दिलेली संज्ञा मराठीत 'क्रीडा-कथन विसंवाद' अशी करता येईल.

मर्ढेकरांच्या परिभाषेत हा विरोधलय का नव्हे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. विरोध आणि विसंवाद यांत भेद आहे. विरोधात दोन्ही घटक एकमेकांना अर्थ पुरवितात. 'बायोशॉक'मध्ये, हॉकिंग यांच्या मते, एक घटक दुसऱ्याला खोटे पाडतो. हे मत सर्वांना मान्य झाले नाही. खेळणाऱ्याला निवड नाही, हेच या कृतीला सांगावयाचे आहे, अशीही बाजू मांडली गेली, आणि ती सहज मोडता येण्याजोगी नाही. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. उलगडा झाल्यानंतरही गेम खेळणाऱ्याकडून पूर्वीसारखीच आज्ञापालनाची अपेक्षा करतो, त्यामुळे उलगड्यातून निघालेला अर्थ उत्तरार्धात टिकत नाही. परंतु खरी महत्त्वाची गोष्ट वादाचा निकाल ही नव्हे. दोष आणि गुण एकाच मुळातून कसे निघाले, हे येथे प्रथमच एवढ्या नेटकेपणाने दाखविले गेले. नियमांना नैतिक वजन देण्याची महत्त्वाकांक्षा नसती तर हा विसंवाद संभवलाच नसता. सामान्य कृतीला असा दोष परवडत नाही.

संज्ञा मात्र पुढे इतकी सैल वापरली गेली, की नायक प्रेमळ आहे आणि गोळ्याही झाडतो एवढ्यावर कोणीही ती चिकटवू लागला.

विश्वनाथाच्या रत्नाचा शोध घ्यावयाचा तर २०१०मधील 'डेडली प्रिमोनिशन'कडे वळावे. अमेरिकेतील एका आडगावातील खुनाचा तपास करणारा अधिकारी मनातल्या मनात 'झॅक' नावाच्या कोणाशी सतत बोलतो, आणि हळूहळू खेळणाऱ्याला वाटू लागते की हे संबोधन आपल्यालाच आहे. कल्पना विलक्षण. बाकी चित्रे जुनाट, लढाया कंटाळवाण्या, गाडी चालविणे त्रासदायक, संगीत भलत्याच वेळी वाजणारे. 'आयजीएन'च्या अमेरिकन आवृत्तीने दहापैकी दोन दिले, 'डिस्ट्रक्टॉइड'ने दहापैकी दहा. दहा देणाऱ्याने दोषांपैकी काहीही नाकारले नव्हते. दोघांची सरासरी सहा येते, आणि सहाच्या योग्यतेचा गेम दोघांपैकी कोणीच खेळला नव्हता.

अलीकडे प्रश्नाने आणखी एक वळण घेतले आहे. परीक्षण लिहून झाल्यावर संहिताच बदलते. मार्च २०१३मध्ये 'सिमसिटी'ला 'पॉलिगॉन'ने साडेनऊ गुण दिले. प्रकाशनानंतर सर्व्हर कोसळल्याने गेम सुरूच होईना, तेव्हा त्याच परीक्षणाचा अंक आठवर, मग चारवर आणि अखेरीस साडेसहावर आणला गेला. 'युरोगेमर'ने २०१५मध्ये गुणांक सोडले आणि २०२३मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने पुन्हा आणले. डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७'च्या परीक्षकांना आगाऊ दिली गेली ती संगणकावरील आवृत्ती. कन्सोलवरील आवृत्ती त्यांनी प्रकाशनापूर्वी पाहिलीच नव्हती. ती इतकी मोडकी निघाली, की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून गेम काढून टाकला, आणि तो जून २०२१मध्ये परतला. सप्टेंबर २०२३च्या दुरुस्तीनंतर त्याची कौशल्यरचना आणि पोलिसांचे वर्तनही पालटले. ग्रंथाच्या पाठभेदांची तुलना आपण हस्तलिखिते समोर ठेवून करतो. येथे नवा पाठ जुन्या पाठाची जागा घेतो आणि जुना बहुधा हाती राहत नाही. पहिल्या आठवड्यातील 'सायबरपंक' कसा होता, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकाला जाळ्याशी न जोडलेल्या कन्सोलमध्ये मूळ चकती घालून पाहावी लागेल. ती न मिळाल्यास, त्या आठवड्यात लिहिल्या गेलेल्या परीक्षणांतील दोषवर्णनाचे परिच्छेद वाचावे लागतील.